रंग ओला आहे

गल्लीत तिला सगळे वहिनीच म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. तशी ती वहिनी एकाच माणसाची, म्हणजे तिच्या दिराची. पण त्याने रस्त्यातून येता-जाता एवढ्या हाका मारल्या होत्या की ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्या दिराबद्दल पुढे येईलच. असली माणसं न बोलावताच येतात.

सध्या वहिनीचा दिवस रागाने उजाडायचा आणि रागानेच मावळायचा, आणि मधल्या वेळात ती पत्रा घासायची. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जी काय पट्टी उरली होती, तिथे त्यांचा ट्रक उभा होता. ट्रकला गल्लीने म्हातारी असं नाव ठेवलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. बॉनेट पोचलेलं, मडगार्डला गंजाची भोकं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार जरा वर उचलल्याशिवाय लागायचं नाही. मूळचा रंग कोणता होता यावर भांडण झालं असतं. इंजिन मात्र ठणठणीत होतं. चावी फिरवली की एका दमात सुरू व्हायचं आणि मग शेजारीण खिडकी आपटून बंद करायची.

वहिनीचे यजमान, दादा, हा ट्रक जन्मभर चालवत आले. क्लीनर ठेवायची ऐपत नव्हती म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत वहिनीच क्लीनर झाली. टायरला हवा बघायची, काच पुसायची, दोर आवळायचे, गाडी मागे घेताना उतरून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे जाऊ द्या. ऊन असो, चिखल असो, ती मागे उभी. पगाराचा विषय तिने एकदाच काढला होता. दादा हसून म्हणाले होते, घरच्या माणसाला कसला आलाय पगार. ते वाक्य तिने तेव्हा गिळलं, पण पचवलं नाही.

गाडी चालवायला ती कुणाकडे शिकली? तर कुणाकडेच नाही. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर दादांना झोप अनावर व्हायची, तेव्हा ते स्टिअरिंग तिच्या हातात द्यायचे आणि मिनिटात घोरायला लागायचे. मग तिने रीतसर परीक्षा देऊन जड वाहनांचं लायसन काढलं. तपासणाऱ्या साहेबांनी दोन पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला लावली. तिने ती आरशात बघत अशी घेतली की साहेबांनी पिंपं जरा जवळ सरकवून पुन्हा घ्यायला सांगितली, आणि तिने पुन्हा घेतली. दादा चहाच्या टपरीवर हे गमतीने सांगायचे, की आमची क्लीनरसुद्धा गाडी हाकते बरं का. लोक हसायचे. तीही हसायची, काय करणार.

मग दादांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही धुरकट झालं, आणि शेवटी लायसन गेलं ते गेलंच. म्हातारी उभी राहिली. घरात माणसं दोन, गाडी एक, आणि ती चालवता येणारं माणूसही एकच. शेंबड्या पोरालाही कळेल असा हिशेब. दादांना तो कळत नव्हता, आणि दादांना कळत नाही हे वहिनीला कळत नव्हतं. सगळी गडबड तिथेच झाली.

भाजीच्या बाजारात गाड्यांचे नंबर लावणारा एक मुकादम होता. बाजारात नंबर लागला की रोजचं काम पक्कं, कुणाच्या दाढीला हात लावायला नको. वहिनी म्हातारीला घेऊन त्याच्याकडे गेली. मुकादम फाटकाबाहेर आला, तिच्याकडे बघायच्या आधी त्याने गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, ही आत घेतली तर लोक भाजी घ्यायचं सोडून भंगार विकायला येतील. पण एक नंबर मोकळा होता. शनिवारी संध्याकाळी बाजाराचं फाटक बंद व्हायच्या आत गाडी रंगवून आणा, नाहीतर तो नंबर मी दुसऱ्याला देतो, असं त्याने सांगितलं. शिवाय बाजाराचा नियम ऐकवला. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर ड्रायव्हरचं नाव ठळक लिहिलेलं पाहिजे. फाटकवाला दारावरचं नाव वाचणार, आतल्या माणसाचं लायसन बघणार, दोन्ही जुळलं तर आत सोडणार. दारावर ज्याचं नाव, गाडी त्याची.

घरी येऊन वहिनीने हे सगळं दादांना सांगितलं. दादा म्हणाले, बरं झालं. आणि गाडी कोण चालवणार हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही, कारण दोघांनाही त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही.

गॅरेजवाल्याने रंगाचा जो आकडा सांगितला तो ऐकून वहिनी त्याला म्हणाली, अरे ट्रक रंगवायचाय, विकत नाही घ्यायचा. आणि घरीच रंगवायचं ठरवून टाकलं.

रंगाच्या दुकानात मागच्या बाजूला गिऱ्हाइकांनी परत आणलेले, झाकणं गंजलेले डबे पडून होते. काही हिरवे, काही निळे, एक पिवळा, एक कसलासा राखाडी. दुकानदार ते जवळजवळ फुकटात द्यायला तयार होता, कारण त्याला जागा हवी होती. वहिनीने सगळे उचलले. दादा म्हणाले, लागेल तसा एकेक डबा फोड. वहिनी म्हणाली, म्हणजे बॉनेट एका रंगाचं आणि मडगार्ड दुसऱ्या. तिने सगळे डबे एका जुन्या पिंपात ओतले, काठीने ढवळले, खांदा भरून येईपर्यंत ढवळले, आणि फाटक्या बनियनमधून गाळून घेतले. जो रंग तयार झाला त्याला नाव नव्हतं. शेजारीण म्हणाली शेवाळी, कोणी म्हणालं औषधाच्या बाटलीसारखा. वहिनी म्हणाली, एकसारखा आहे ना, मग झालं.

पण रंग ही नंतरची गोष्ट. आधी घासणं. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायचं, गंज निघेपर्यंत घासायचं, भोकांवर पत्र्याचे तुकडे चिकटवून त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती सुकली की परत घासायचं. मग लाल प्रायमर, आणि त्यावर परत पेपर. तिच्या बोटांची टोकं अशी झाली होती की भांडी घासताना साबण झोंबायचा.

आणि हे सगळं चालू असताना दादा उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसलेले असायचे. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ते गाडी हाताने बघायचे. वहिनी एक बाजू पुरी करून कंबर सरळ करते न करते तोच दादा उठायचे, चाचपडत पत्र्याशी यायचे, तळहात सपाट ठेवून इकडून तिकडे फिरवायचे आणि कुठेतरी थांबून म्हणायचे, "परत घास."

बस. एवढंच. परत घास. चांगलं झालंय, दमलीस का, चहा घे, काही नाही. आता तुम्हीच सांगा, माणसाच्या डोक्यात तिडीक जाईल की नाही? वाईट म्हणजे दादांचा हात खोटं बोलायचा नाही. ते म्हणायचे तिथे खरोखरच खरखर असायची. त्यामुळे वहिनीला भांडताही यायचं नाही. ती दातओठ खात परत घासायची. एकदा तर प्रायमर सुकायच्या आतच त्यांनी हात फिरवला आणि बॉनेटवर अख्खा पंजा उमटला. वहिनी ओरडली, रंग ओला आहे, कळत नाही का. दादा म्हणाले, मग आधी सांगायचंस. तिने ते सगळं बॉनेट पुन्हा केलं, आणि त्यात एक पूर्ण दिवस गेला.

दीर यायचा चहाच्या वेळेला. त्याला वहिनी मनातल्या मनात साहेब म्हणायची. पूर्वी तो एका कंपनीतल्या बड्या साहेबाची गाडी चालवायचा, तेव्हापासून त्याला काळा चष्मा लागला होता आणि चालही साहेबाची झाली होती. नोकरी का गेली हे तो सांगायचा नाही. पण सगळ्यांना माहीत होतं, की त्याने साहेबाची गाडी मागे घेताना साहेबाच्याच फाटकावर घातली होती. आता वर्षभर तो घरीच होता. पॉलिश पेपर पुढे केला की म्हणायचा, माझ्या कातडीला थिनर चालत नाही वहिनी. मग दादांच्या शेजारी बसून दोघं भाऊ हळू आवाजात बोलत राहायचे. वहिनी जवळ आली की गप्प व्हायचे. तिला वाटायचं, असेल काही भावाभावांचं. शिवाय तिच्या कानात पॉलिश पेपरचाच आवाज एवढा बसला होता की दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

दारं तिने काढून घरात आणली. बाहेर धूळ, आणि दारावर तर नाव यायचं, म्हणून दार आरशासारखं व्हायला हवं होतं. जेवायचं टेबल आडवं लावून त्यावर दारं ठेवली, आणि ती सुकेपर्यंत दोघं उभ्याने जेवत होती. सगळ्या घराला रंगाचा वास, डोकं दुखायचं, पाण्यालाही तोच वास लागल्यासारखा वाटायचा. पण दार झालं. पूर्ण सुकल्यावर दादांनी त्यावर हात फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. वहिनी दारात उभी राहून वाट बघत होती. दादा काहीच बोलले नाहीत, उठून तोंड धुवायला गेले. ते बोलले नाहीत म्हणजे पसंत पडलं. त्या रात्री वहिनीला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली, आणि ती किती मूर्ख होती हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

शनिवार सकाळ. शेवटचा हात राहिला होता. तिने आधी अंगणात पाणी मारून धूळ बसवली, भिंतीवर ओल्या चादरी टाकल्या, आणि शेजारणीकडे जाऊन बजावलं की आज केरसुणी हातात घेतलीस तर बघ. शेजारीण म्हणाली, माझ्या अंगणात मी झाडायचं नाही का? वहिनी म्हणाली, नाही. तिचा अवतार बघून शेजारणीने वाद घातला नाही. काचांच्या कडांना साबण चोळून ठेवला होता, म्हणजे रंगाचे थेंब पडले तरी नंतर ओल्या फडक्याने निघतील. दारं परत बिजागऱ्यांवर चढवली होती. मग तिने ब्रश बुडवला आणि श्वास धरून एकेक लांब हात मारत गेली. उन्हं वर येईपर्यंत म्हातारी चकाचक झाली. तो बिननावाचा रंग उन्हात इतका छान दिसत होता की वहिनी स्वतःशीच हसली. दुपारभर सुकू दिलं, संध्याकाळी हळूहळू चालवत नेलं की झालं.

तेवढ्यात अक्षरवाला पेंटर आला. गल्लीतल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या त्यानेच लिहिलेल्या. दादांनी त्याला बोलावलं होतं, आणि वहिनीला त्याचं बरं वाटलं होतं, की चला, एवढं तरी आपणहून केलं. दार कालच सुकलेलं असल्यामुळे त्यावर लिहायला हरकत नव्हती. त्याने रंगाची पेटी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवली, खिशातून दोरी काढली, दाराची रुंदी मापली, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

"वहिनी, नाव लांब आहे. दोन ओळींत घ्यावं लागेल."

"माझं नाव कुठे लांब आहे?" वहिनी ब्रश निथळत म्हणाली.

"तुमचं नाही हो. धाकट्या दादांचं."

पेंटर बिचारा साधा माणूस. त्याला जे सांगितलं होतं तेच तो बोलला.  वहिनीने ब्रश थिनरच्या डब्यात उभा केला, नीट आपटून, कारण राग कितीही आला तरी ब्रश वाळवून वाया घालवणाऱ्यातली ती नव्हती. हात पुसले. मग खोक्यावर बसलेल्या दादांसमोर जाऊन उभी राहिली. साहेबही तिथेच होता. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. रोज चहाच्या वेळेला उगवणारा माणूस आज सकाळपासून इस्त्री करून का बसलाय, हे तिला आता उमगलं.

"दारावर कुणाचं नाव सांगितलंत?"

"त्याचं," दादा म्हणाले. "तो चालवणार ना."

"कोण म्हणालं?"

"अगं, मग कोण चालवणार?"

हे दादांनी चिडून विचारलं नाही. ते खरोखरच विचारत होते. हीच तर आग लावणारी गोष्ट. त्यांनी काही डाव रचला होता, तिला फसवायचं ठरवलं होतं, असं असतं तर वहिनीने चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती. पण त्या माणसाच्या मनात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. ती घासत होती, ढवळत होती, पिंपभर रंग गाळत होती, आणि तो माणूस समजत होता की हे सगळं ती त्याच्या भावासाठी करतेय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब मध्ये पडला. वहिनी, तुम्ही आता आराम करा, किती दगदग करायची या वयात, असं काहीसं म्हणाला. वहिनीने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"एवढी वर्षं तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?" तिने दादांना विचारलं.

"ते वेगळं. तू क्लीनर होतीस."

"लायसन कशाचं आहे माझ्याकडे? पत्र्यावर थापा मारायचं?"

 दादा खोक्याची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, आणि यावेळी आवाज अगदी खाली गेला होता, "माझ्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मला सोसवणार नाही. तो निदान माझ्या रक्ताचा आहे."

"आणि मी कोण?"

 ती उत्तरासाठी थांबली नाही.

म्हातारीची चावी पहिल्यापासून वहिनीच्या गळ्यात दोरीला असायची, कारण दादा ती हरवायचे. तिने चाकांखालचे दगड पायाने उडवले, भिंतीवरच्या चादरी ओढून काढल्या, आणि दार जरा वर उचलून उघडलं. पेंटर घाबरून म्हणाला, वहिनी, रंग ओला आहे. त्याला वाटलं तिच्या लक्षात नाही.

"गाडीत बसा," वहिनी म्हणाली.

पेटी आधीच आत होती, त्यामुळे पेंटर पेटीमागे गेला. साहेब म्हणाला, हा काय वेडेपणा, आणि पुढे येऊन बॉनेटवर हात टेकवून उभा राहिला. मग हात काढून बघितला, तर तळहात हिरवागार, आणि इस्त्रीच्या शर्टलाही लागलेला. वहिनीने इंजिन सुरू केलं. तो बाजूला झाला.

अंगणातून गाडी मागे घेऊनच बाहेर पडायचं होतं. दोन्हीकडे भिंत, इकडे तिकडे जेमतेम वीतभर जागा. इतकी वर्षं अशा वेळी वहिनी मागे उभी असायची. आज मागे थाप मारायला कुणी नव्हतं. तिने दोन्ही आरसे बघितले आणि म्हातारीला एका दमात गल्लीत काढलं. दादा भिंतीला हात लावून उभे होते. गाडी गेली ते त्यांना आवाजावरूनच कळलं असणार.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वहिनीला कळलं की आपण काय केलं. पुढे भुशाच्या गोण्या भरलेला एक ट्रक चालला होता, आणि भुसा उडून थेट म्हातारीवर बसत होता. मागून धूळ, बाजूच्या शेतातून चिलटं, वाळकी पानं. जे जे उडत होतं ते ते ओल्या रंगाला चिकटत होतं. एका केरसुणीवरून तिने सकाळी शेजारणीशी वैर घेतलं होतं, आणि आता स्वतःच्या हाताने सगळा जिल्हा गाडीवर ओतत होती. तिचे डोळे भरून आले. ते रडू रंगासाठी होतं, नवऱ्यासाठी नव्हतं, हे तिने नंतर सगळ्यांना ठणकावून सांगितलं. पेंटर पेटी मांडीवर घेऊन बसला होता. मध्येच त्याने खिशातला रुमाल पुढे केला. तिने तो घेतला, नाक शिंकरलं आणि गिअर बदलला.

बाजाराच्या फाटकाशी मुकादम आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बाजूच्या पत्र्यावर बोट टेकवलं, बोट चिकटलं ते सोडवून घेतलं आणि म्हणाला, "हा रंग आहे की पॉलिश पेपर?"

"शनिवार म्हणाला होतात, शनिवारी आणली," वहिनी म्हणाली. "चांगला रंगवा असं नव्हतात म्हणाला."

"ड्रायव्हर कुठंय?"

"बोलतेय तुमच्याशी."

मुकादमाने पेंटरकडे बघितलं. पेंटरने वहिनीकडे बोट दाखवलं. मुकादमाने लायसन मागितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, परत बघितलं. माल उतरवायच्या ओट्याशी दोन गाड्या लागलेल्या होत्या आणि मध्ये एकीपुरतीच जागा होती. तिथे लावून दाखवा, तो म्हणाला. ओट्यावरचे हमाल पोती टाकून बघायला उभे राहिले. एकजण मदतीला मागे जाऊन थाप मारायला लागला, तर वहिनी खिडकीतून म्हणाली, हात काढ, रंग ओला आहे. आणि तिने म्हातारी त्या फटीत अशी नेऊन बसवली की दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना आपल्या गाडीला धक्का लागेल म्हणून धावत यायला मिळालंच नाही.

"बाई आहात म्हणून सवलत मिळायची नाही," मुकादम म्हणाला.

"मागितली का?"

मुकादमाने मान वळवून पेंटरला सांगितलं, नाव लिहून टाका, आज फाटक बंद व्हायच्या आत. सोमवारी पहाटे पहिल्या गाड्यांबरोबर नंबर.

शेडच्या सावलीत पेंटरने पेटी उघडली. बारका ब्रश निवडला, पांढरा रंग ढवळला, खडूने हलकी रेघ आखली. मग तो थांबला, आणि जरा ओशाळून म्हणाला, "वहिनी, तुमचं नाव काय?"

गल्लीतल्या एकूणएक पाट्या लिहिणारा हा माणूस. त्याला वाण्याच्या आजोबांचं नाव माहीत होतं. वहिनीला रागही आला नाही. तिने नाव सांगितलं. ते स्वतःच्या तोंडून ऐकून तिलाच जरा चमत्कारिक वाटलं. पेंटर म्हणाला, एका ओळीत बसतंय. आणि त्याने ते एका ओळीत, ऐसपैस, सुंदर काढलं.

संध्याकाळी म्हातारी अंगणात परत आली. साहेब केव्हाच निघून गेला होता. दादा त्याच खोक्यावर होते. वहिनीने इंजिन बंद केलं, पण ती उतरली नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. दादा उठले, चाचपडत आले, आणि सवयीप्रमाणे त्यांनी मागच्या कोपऱ्यापासून पत्र्यावर तळहात टेकवला. रंग वरून सुकला होता. भुसा, खडे, चिलटं, सगळं त्यात पक्कं बसलं होतं. त्यांचा हात त्या खरखरीवरून पुढे पुढे येत होता, आणि वहिनी आरशात बघत वाट पाहत होती. म्हणू दे. फक्त म्हणू दे परत घास, आज या माणसाला दाखवतेच.

दादांचा हात थांबलाच नाही. हात दारापाशी आला. दार मात्र गुळगुळीत होतं, काल होतं तसंच. त्यांनी एक बोट पुढे केलं, ते पहिल्या अक्षरावर टेकलं आणि सावकाश त्याच्या वळणावरून फिरलं. ते अक्षर भावाच्या नावाचं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नावाचं नव्हतं. बोट तिथेच थांबलं.

"पहिलं अक्षर फिसकटलं माझ्या हातून," शेवटी ते म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून असं वाक्य आलं नव्हतं. वहिनीला ते पुरेसं वाटलं नाही, आणि ते पुरेसं नव्हतंच.

"असू दे. मी नीट करून घेईन," ती म्हणाली. "पुसलंत तरी परत लिहून आणेन."

"नंबर लागला?"

"सोमवारी पहाटे. क्लीनर पाहिजे मला." तिने आरसा विनाकारण सारखा केला. "मागे उभं राहून थाप मारायला डोळे लागत नाहीत, कान लागतात. पगार मिळायचा नाही. घरच्या माणसाला कसला आलाय पगार."

 दादांना ते वाक्य ओळखीचं वाटलं असावं. मग ते गाडीच्या कडेला हात लावत लावत मागे गेले, अगदी मागे, जिथे ती इतकी वर्षं उभी राहायची तिथे. पत्र्यावर थाप पडली. एक. म्हणजे थांबा? मग दुसरी.

"अहो, रंग ओला आहे," ती खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "कळत नाही का?"